फुग्यालाही बावटा हवा

मध्य प्रदेशात मंदसोर जिल्ह्यातील गांधीसागर येथे १३ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी जो प्रकार घडला तो वृत्तपत्रांनी छापला, दूरचित्रवाणीने दाखविला आणि चार दिवसांत सारे तो विसरूनही गेले. राज्याचे मुख्यमंत्री मोहन यादव हे उष्ण हवेचा फुगा, म्हणजे ज्याला हल्ली लहानथोर हॉट एअर बलून म्हणतात तो, पाहण्यास गेले असता वाऱ्याने फुगा कलला आणि त्याच्या खालच्या भागाने पेट घेतला. सुरक्षा कर्मचाऱ्यांनी खालचा सांगाडा धरून ठेवला, आग विझविण्यात आली, कोणास इजा झाली नाही. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर होता असे सांगण्यात आले. सुरक्षेत कोणतीही कसूर झालेली नाही, असा खुलासा जिल्हा प्रशासनाने तत्परतेने केला.

तो खुलासा खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. आमची शंका निराळी आहे. ताशी २० किलोमीटरचा वारा वाहत असताना फुग्याखाली ज्वाळा पेटवू नये, असे त्या मैदानावर म्हणण्याचा अधिकार नेमका कोणाला होता? वैमानिकाला असेल, तर राज्याचा मुख्यमंत्री समोर उभा असताना तो वापरण्याची हिंमत त्या बिचाऱ्याने कोठून आणावी? आणि जिल्हाधिकाऱ्यांना असेल, तर वाऱ्याचा कोणता आकडा ओलांडल्यावर तो वापरावयाचा, हे त्यांना कोणत्या कागदावर लिहून दिले होते? सुरक्षेची व्यवस्था म्हणजे बंदोबस्त, अशी आपली समजूत झालेली आहे. वारा बंदोबस्ताला जुमानत नाही.

मंदसोरची घटना हसण्यावारी नेता येईल, कारण ती कोणाच्या जिवावर बेतली नाही. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये राजस्थानात बारां जिल्ह्याच्या स्थापना दिनाच्या समारंभात जे झाले ते हसण्यावारी नेता येणार नाही. तेथे फुग्याची चाचणी चालू होती. फुगा एकाएकी वर उसळला, दोर तुटले आणि दोराला धरून राहिलेला एक कर्मचारी उंच ओढला जाऊन खाली पडला व मरण पावला. दोन्ही ठिकाणी फुगा आकाशात विहार करीत नव्हता हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. एक जमिनीवर होता, दुसरा दोराने बांधलेला होता. ज्याला आपण निर्धोक समजतो तो हाच प्रकार. मोकळ्या फुग्यात बसून डोंगरापलीकडे जाणे हे धाडस, आणि मैदानातल्या मैदानात दोराला बांधलेल्या फुग्यातून पन्नास-साठ फूट वर जाऊन परत येणे ही मुलाबाळांची करमणूक, असा सर्वत्र समज आहे. म्हणूनच महोत्सव, स्थापना दिन आणि पर्यटन मेळावे यांना बांधलेला फुगा फार प्रिय असतो. वाऱ्याच्या बाबतीत मात्र हा समज बरोबर उलटा आहे, आणि आजच्या लेखनाचे प्रयोजन तेच आहे.

फुग्याचे शास्त्र अवघड नाही. फ्रान्समध्ये १७८३ साली माँगोल्फिये बंधूंनी कागद व कापड यांच्या पिशवीत धूर कोंडून ती वर पाठविली, आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला पिलात्र द रोझिये व मार्की दार्लांद या दोघांनी पॅरिसवरून पहिले मोकळे उड्डाण केले. तापलेली हवा हलकी होते आणि वर चढते, हे तत्त्व तेव्हापासून बदललेले नाही. १९६० साली एड योस्ट या अमेरिकनाने नायलॉनचा घुमट आणि प्रोपेन वायूचा बर्नर जोडून आजचा फुगा घडविला, एवढाच फरक. पण सुकाणू द रोझियेकडे नव्हते आणि आजही कोणाकडे नाही. वैमानिक फक्त वर जाऊ शकतो आणि खाली येऊ शकतो. निरनिराळ्या उंचीवर वारा निरनिराळ्या दिशांना वाहतो, त्यांतील हवा तो थर गाठून तो आपली वाट साधतो. उड्डाणाआधी हेलियमचा एक लहानसा फुगा सोडून तो कसकसा वळतो हे पाहण्याचा प्रघात त्याचसाठी आहे. आपल्या विजयपत सिंघानियांनी २६ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईहून उडून २१ किलोमीटरांहून अधिक उंची गाठण्याचा जागतिक विक्रम केला आणि ते नाशिक जिल्ह्यातील सिन्नरजवळच्या पांचाळे गावाच्या शिवारात उतरले. जानेवारी २०२५ मध्ये तामिळनाडूतील पोल्लाचीच्या महोत्सवातून उडालेला फुगा राज्याची सीमा ओलांडून केरळातील पालक्काड जिल्ह्यातल्या भातशेतात जाऊन बसला. वाऱ्याला राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात.

तथापि मोकळ्या फुग्याला एक मोठे संरक्षण आहे. तो वाऱ्याबरोबर वाऱ्याच्याच वेगाने जातो. त्यामुळे टोपलीत उभ्या असलेल्या माणसाला वारा जवळजवळ लागतच नाही, हातातली मेणबत्तीसुद्धा विझू नये अशी स्थिती असते. त्याच फुग्याला दोर बांधला की हे संरक्षण संपते. आता वारा वाहतो आणि फुगा जागीच राहतो, म्हणजे प्रत्येक झोत त्याने अंगावर घ्यावयाचा. १६ मीटर व्यासाचा, म्हणजे काही फार मोठा नव्हे असा, फुगा घेतला तरी वाऱ्यासमोर त्याचे सुमारे २०० चौरस मीटरांचे शीड उभे राहते. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर पडणारी ओढ ढोबळ हिशेबाने पावणेदोनशे किलोंच्या घरात जाते. वेग दुप्पट झाला तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ४० किलोमीटरचा एखादा झोत आला की दोरांवर पाऊण टनाच्या आसपास भार पडतो, आणि तोही सावकाश नव्हे, हिसक्याने. घुमट वाकतो, त्याचे तोंड ज्वाळेवर येते. मंदसोरला जे दिसले ते हेच होते. चार माणसांनी दोर धरून ठेवले आहेत, म्हणून निर्धास्त होणाऱ्या संयोजकाने हा हिशेब एकदा करून पाहावा. मोकळ्या उड्डाणासाठी वाऱ्याची जी मर्यादा निर्माते आपल्या पुस्तिकेत देतात, त्यापेक्षा बांधलेल्या फुग्यासाठी सामान्यतः कमी मर्यादा देतात, ती उगीच नव्हे.

जमिनीवरच्या फुग्याला वारा आणखी एका रीतीने फसवितो. फुगा उभा आहे, दोराने अडकविलेला आहे, आणि वारा त्याच्या माथ्यावरून वेगाने सरकतो आहे. अशा वेळी त्या प्रवाहामुळेच घुमटाला वरच्या बाजूस एक उचल मिळते. टोपली जमिनीवरून हलकी होऊ लागते. पाहणाऱ्यांना वाटते, हवा पुरेशी तापली, फुगा निघाला. वैमानिकही अननुभवी असला तर त्यालाही तसेच वाटते. मग दोर सुटतो, क्षणभरात फुगा वाऱ्याच्या वेगाने जाऊ लागतो, आणि वारा व फुगा यांचा वेग एक झाल्याबरोबर ती उसनी उचल नाहीशी होते. फुगा वर जाण्याऐवजी खाली बसू लागतो, आणि समोर झाडे असतात, घरे असतात, विजेच्या तारा असतात. या संकटावर उपाय आहे. निघण्यापूर्वी नेहमीपेक्षा अधिक उष्णता भरावी, आणि वाऱ्याच्या दिशेला लांबवर मोकळे रान असल्याशिवाय फुगा सोडू नये. परंतु आपल्याकडे मैदान निवडले जाते ते वाहनतळ जवळ आहे की नाही आणि व्यासपीठावरून फुगा नीट दिसतो की नाही, हे पाहून.

याहून मोठा प्रश्न वेळेचा आहे. रात्री जमीन निवते आणि तिच्या लगतची थंड हवा डबक्यातल्या पाण्यासारखी स्थिर पडून राहते. म्हणून पहाटे गावातला धूर सरळ वर चढताना दिसतो. पण त्या स्थिर थराच्या डोक्यावर, काही शे मीटरांवर, वारा जोरात वाहत असू शकतो. खालच्या माणसाला त्याची चाहूलही नसते. सूर्य वर आला, जमीन तापली, की खालची हवा वर उठू लागते आणि वरचा वारा खाली उतरतो. सहा वाजता जे मैदान निवांत होते तेथे आठ वाजता झोत सुरू होतात. जगभर फुगे सूर्योदयानंतरच्या तास-दोन तासांत उडतात ते केवळ सूर्योदय देखणा असतो म्हणून नव्हे. मंदसोरच्या तंत्रज्ञांनीही सकाळी सहा ते साडेसात हीच योग्य वेळ असल्याचे सांगितले होते. आता आपल्या समारंभांची रीत काय आहे? सहाचा कार्यक्रम सातला, सातचा आठला, आणि प्रमुख पाहुणे आल्यावर आधी सत्कार. ही रीत सभागृहात त्रासदायक असते. फुग्याच्या मैदानावर ती प्राणघातक होऊ शकते.

कामशेत-लोणावळ्याच्या बाजूला हा भेद उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. तेथे पॅराग्लायडिंग करणारे टेकडीवर बसून वाऱ्याची वाट पाहतात. फुगा उडविणारे वारा नसण्याची पाहतात. दिवस चढल्यावर कोकणाकडून घाट चढून येणारा वारा पहिल्यांचा मित्र आणि दुसऱ्यांचा वैरी. वळवाच्या दिवसांत तर आणखी धोका. दूर क्षितिजावर काळा ढग दिसतो, येथे ऊन असते, आणि ढगाखालून कोसळलेली थंड हवा जमिनीवर पसरत पसरत अनेक किलोमीटर पुढे येते. पाऊस पोचण्याच्या कितीतरी आधी धूळ उडते, पत्रे उडतात. शेतकऱ्याला हे ठाऊक आहे. तो उन्हात उभा राहूनही कडबा झाकावयास धावतो.

परदेशात हा धडा माणसांचे प्राण देऊन शिकण्यात आला. स्लोव्हेनियाची राजधानी लुब्लियानाजवळ २३ ऑगस्ट २०१२ रोजी ३२ माणसांना घेऊन निघालेला फुगा अचानक आलेल्या वादळात सापडला, कोसळला आणि पेटला. सहा माणसे दगावली. इजिप्तमधील लक्सर येथे ५ जानेवारी २०१८ रोजी जोराच्या वाऱ्याने फुगा भरकटला, एक प्रवासी ठार झाला व अनेक जखमी झाले. याच लक्सरला २०१३ साली १९ माणसे मरण पावली होती. पण तो अपघात इंधनाच्या नळीतील गळतीचा होता, वाऱ्याचा नव्हे, आणि ही दोन कारणे एकत्र कालवू नयेत. अमेरिकेतील टेक्सास राज्यात लॉकहार्ट येथे ३० जुलै २०१६ रोजी फुगा विजेच्या तारांवर जाऊन १६ जण मेले. त्या दिवशी ढग खाली उतरलेले होते. उड्डाणापूर्वी हवामानाची माहिती देणाऱ्या सेवेने ही अडचण वैमानिकाच्या कानावर घातली होती. तो तरीही निघाला. चौकशीत त्याचे आजार व त्याने घेतलेली औषधे पुढे आली, आणि प्रवासी नेणाऱ्या फुग्याच्या वैमानिकाला वैद्यकीय प्रमाणपत्राची सक्ती अमेरिकेत त्या वेळी नव्हती हेही उघड झाले. ती सक्ती करणारा नियम निघावयास २०२२ चा नोव्हेंबर उजाडला. सोळा माणसांच्या मृत्यूनंतर सहा वर्षे! सरकारी कारभाराची संथ चाल हा आमचाच वारसा आहे असे मानणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

या सर्वांत तुर्कस्थानच्या कापाडोकियाचे उदाहरण विशेष विचार करण्यासारखे आहे. तेथे एकेका पहाटे शेकडो फुगे एकाच वेळी आकाशात असतात, आणि त्यावर हजारोंची उपजीविका चालते. तरीही उड्डाण करावे की नाही हे फुग्याचा मालक ठरवीत नाही, हॉटेलवाला ठरवीत नाही, तिकिटाचे पैसे भरून बसलेला प्रवासी तर नाहीच नाही. देशाचे नागरी विमान वाहतूक खाते हवामानाच्या नोंदी पाहून त्या त्या वेळेपुरता हिरवा, पिवळा किंवा लाल बावटा जाहीर करते. लाल म्हणजे कोणीच उडावयाचे नाही. मग दिवस सणाचा असो की सुगीचा. इतके करूनही ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथे उतरताना आलेल्या वाऱ्याच्या तडाख्याने दोन स्पॅनिश प्रवासी मृत्युमुखी पडले. बावटा म्हणजे अभय नव्हे, हे यावरून दिसते. पण निर्णय एकाच्या पदरात आणि लाभ दुसऱ्याच्या, अशी विभागणी झाल्याने रोजचा किती मोह टळतो, याची कल्पना ज्याने धंदा केला आहे त्याला असेल.

ही कल्पना आपल्याला परकी आहे काय? मुळीच नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक कोळ्याला तीन नंबरचा बावटा म्हणजे काय ते ठाऊक आहे. बंदरावर तो चढला की होडी किती भारी आहे, तांडेल किती जुना आहे, बर्फ किती भरून ठेवला आहे, हे कोणी विचारीत नाही. होड्या बाहेर जात नाहीत. आणि बावटा चढविणारा माणूस मासळीचा व्यापारी नसतो. समुद्राच्या बाबतीत जे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडले, ते आकाशाच्या बाबतीत आपण अजून अंगी आणलेले नाही. कारण आकाशात जाणारी गोष्ट विमानासारखी दिसली तरच तिच्याकडे आपण गंभीरपणे पाहतो. रंगीबेरंगी कापडाचा घुमट दिसला की जत्रेतला पाळणा आठवतो. कायदा मात्र इतका भोळा नव्हता. १९३४ च्या विमान अधिनियमाने विमानाच्या व्याख्येतच फुगा घातला होता, मोकळा आणि बांधलेला असे दोन्ही. त्या अधिनियमाच्या जागी जानेवारी २०२५ पासून नवा भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. तेव्हा फुग्याचा वैमानिक परवानाधारक हवा, यंत्रसामग्री तपासलेली हवी, याबद्दल कायद्याच्या दरबारी वाद नाही. घोडे पेंड खाते ते निराळ्या ठिकाणी. दिल्लीतील विमान वाहतूक महासंचालनालय वैमानिकाला परवाना देईल. पण अमुक गावच्या मैदानावर, अमुक सकाळी, वाहत असलेल्या वाऱ्यात, आज नको असे म्हणणारा माणूस तेथे कोण असतो?

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि जमीन, पाणी व हवा या तिन्ही ठिकाणच्या साहसी खेळांच्या संयोजकांना नोंदणीच्या कक्षेत आणले. हे पाऊल स्तुत्य होते, आणि त्याच पावलाने पुढे जाता येईल. आमची सूचना अशी की, जेथे फुगा उडावयाचा किंवा बांधून वर चढवावयाचा असेल तेथल्या परवानगीच्या कागदावर वाऱ्याची मर्यादा आकड्यांत लिहिलेली असावी. निर्मात्याच्या पुस्तिकेतील मर्यादेपेक्षा ती जास्त असता कामा नये, आणि बांधलेल्या फुग्याची मर्यादा वेगळी लिहावी. प्रवासी नेणारे अनुभवी वैमानिक जमिनीवरचा वारा ताशी १५ ते १८ किलोमीटरांच्या पुढे गेला की बहुधा उड्डाण सोडून देतात. आपल्या अधिकाऱ्यांनी यापेक्षा शूर होण्याचे कारण नाही. त्या आकड्याच्या वर वारा गेला की निर्णय आपोआप झालेला असावा, कोणाच्या मर्जीचा तेथे प्रश्न उरू नये. मग समोर मंत्री उभा असो की शाळेची सहल, वैमानिकाला नाही म्हणण्यासाठी धैर्य लागणार नाही, कागद दाखविला की पुरे.

याला जोडून पैशाची बाब आलीच. उड्डाण रद्द झाले तर तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत, अशी अट जेथे असते तेथे प्रवासीच वैमानिकाचा पहिला शत्रू होतो. सुटी काढून, हॉटेलचे भाडे भरून, पहाटे चार वाजता मुलांना उठवून आलेला माणूस वाऱ्यापुढे सहजासहजी हात टेकीत नाही. चला हो, एवढ्याने काय होते, हे वाक्य तोच म्हणतो. वाऱ्यामुळे रद्द झालेल्या उड्डाणाचे पैसे परत करण्याची सक्ती झाली तर ही ओढाताण निम्मी संपेल. संयोजकाचे नुकसान होईल खरे. त्याने ते तिकिटाच्या दरात आधीच धरावे. प्रवाशालाही चार गोष्टी निघण्यापूर्वी सांगितल्या पाहिजेत, खाली येताना नव्हे. फुगा उतरतो तो वाऱ्याच्या वेगाने. टोपली आपटते, कलंडते, शेतातून फरफटत जाते. अशा वेळी गुडघे किंचित वाकवून, जाण्याच्या दिशेला पाठ करून, आतील दोरीच्या कड्या घट्ट धरून राहावयाचे असते.  आणि टोपली थांबली असे वाटले तरी वैमानिकाने सांगितल्याखेरीज कोणी बाहेर उडी मारावयाची नाही. एक माणूस उतरला की तेवढे ओझे कमी होऊन फुगा उरलेल्यांना घेऊन पुन्हा उचलला जातो.

राहता राहिली वारा मोजण्याची गोष्ट. वायुवेगमापक हे काही दुर्मिळ वा महागडे यंत्र नव्हे. मुठीत मावणारे यंत्रही मिळते. प्रश्न ते कोठे धरावयाचे हा आहे. मंडपाच्या आडोशाला उभे राहून, छातीच्या उंचीवर मोजलेला वारा फुग्याच्या माथ्यावरच्या वाऱ्यापेक्षा हमखास कमी भरतो, आणि बांधलेल्या फुग्याचा माथा तर जमिनीपासून तीस-चाळीस मीटर उंच जातो. तेव्हा मोजणी उघड्यावर, उंच काठीवर आणि फुगा वर असेपर्यंत सतत व्हावयास हवी. सरासरी वेगाबरोबर सर्वांत जोराच्या झोताचीही नोंद व्हावी, कारण दोर सरासरीने तुटत नाही. ही नोंद वेळेसह वहीत लिहून खाली सही करण्याचे काम संयोजकाच्या नोकराकडे न देता तालुक्याच्या एखाद्या कर्मचाऱ्याकडे द्यावे, आणि ती वही कोणाही प्रवाशाला टोपलीत चढण्यापूर्वी पाहता यावी.